नाव न सांगता गेलेल्यांचे आभार

सॉफ्टवेअर बिनचूक आहे हे गणिताने सिद्ध कसं करायचं, यावरची आमची दोन दिवसांची परिषद रत्नागिरीत पार पडली. पहिल्याच सकाळी पावसात वीज गेली. मी एरियान ५ या युरोपीय रॉकेटबद्दल सांगत होते. १९९६ साली त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या छोट्या जागेत बसवताना मावली नाही आणि उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत रॉकेट नष्ट झालं. पडदा काळा, सभागृह अंधारात.

तेवढ्यात शेजारच्या लग्नाचे मंडपवाले दादा आपला जनरेटर ढकलत आले. डोक्यावर गोणपाट, पायांत चिखल. प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून, दोनदा तपासून मगच त्यांनी खटका दाबला. आमच्या विषयाचं मर्म मुलांना तिथेच दिसलं. पैसे विचारले तर म्हणाले, "पोरं शिकतायत, ऱ्हाऊ दे मॅडम." नाव विचारेपर्यंत निघूनही गेले.

पहाटेपासून घावणे घालणाऱ्या मावशी, स्टेशनवर राहिलेली लॅपटॉपची बॅग आणून देणारे रिक्षावाले काका, तुमचेही ऋण मोठे. दादा कुणाच्या ओळखीचे असतील तर एवढं कळवा: तुमच्यामुळे व्याख्यान पूर्ण झालं. मनापासून आभार.