मावशी, पोतं न विकल्याबद्दल

नर्सरीतल्या मावशींना,
सप्रेम नमस्कार.

गच्चीवर आणि गॅलरीत भाजी लावणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण पाऊस जवळ आला की कोणी ना कोणी विचारतंच: टोमॅटो-मिरचीचं बी घरात रुजवायचंय, ट्रेमध्ये भरू काय? तुमच्याकडे 'पॉटिंग मिक्स'ची पोती रचलेली असतात, तरी तुम्ही आधी विचारता, "कुंडी भरायची आहे की बी टाकायचंय?" बी म्हटलं की पोत्यावरचा हात काढायला लावता. पहिले आभार त्या प्रश्नाचे.

कुंडीतल्या झाडाला महिनोन्‌महिने पुरेल असं खत लागतं. बी मात्र शिदोरी बांधूनच आलेलं असतं. पहिले आठ-दहा दिवस त्याला हवा असतो ओलावा, आणि ओलाव्याइतकीच हवा. पोत्यातल्या मिश्रणात शेणखत, निंबोळी पेंड, कधी लाल माती भरपूर असते. कुंडीला ते मानवतं. ट्रेच्या चार सेंटीमीटर खोल कप्प्यात त्याचा चिखल होतो.

हे का होतं ते सांगायला तुम्ही भांडी घासायचा स्पंज घेता, हे फार आवडलं. स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरायचा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करायचा, आणखी पाणी धार लावून गळतं. स्पंज तोच, बदलली फक्त उंची. ट्रेचा कप्पा म्हणजे आडवा धरलेला स्पंज: कितीही भोकं पाडा, तळाच्या थरात पाणी अडकून राहणारच. वाफ्यात हातभर खोल निचरा होणारी माती इथे म्हणूनच गुदमरते. तळाशी खडे घालणं तर उलटंच काम, स्पंज आणखी बुटका होतो. उपाय एकच, मिश्रणाचे कण जाडसर हवेत, म्हणजे मधल्या पोकळ्या पाणी निथळल्यावर हवेने भरतात.

आता अशा मिश्रणाचा मुख्य भाग, कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. ६५० ग्रॅमच्या विटेला तीन-चार लिटर पाणी लागतं आणि फुगून साधारण ८ ते ९ लिटर भुसा होतो. पाच किलोच्या ब्लॉकला २५ ते ३० लिटर पाणी. पण भिजलं म्हणजे धुतलं, असं नाही. नारळाची सोडणं बऱ्याच ठिकाणी खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजवतात, शिवाय काथ्याच्या भुशात मुळातच सोडियम आणि पोटॅशियम असतं. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मिरचीचं बी उगवतं, पण पानाच्या कडा करपतात आणि रोप अंगठ्याएवढं होऊन तिथेच थांबतं. लोक बियाण्याला दोष देतात.

पाकिटावर 'वॉश्ड' छापलेलं असलं तरी तपासायचं, ही तुमची शिस्त आम्ही उचलली. एक वाटी ओलं कोकोपीट, दोन वाट्या आरओचं पाणी, अर्धा तास ठेवून गाळायचं आणि पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, मीटरने मोजायचा. मूळ पाण्याचा आकडा वजा करून २५०च्या आत आला तर उत्तम. पाचशेच्या वर गेला तर पुन्हा भिजवा, पिळा, पाणी फेका. दोन-तीन धुण्यांत बहुतेक वेळा उतरतो. मीटर नसेल तर पिळलेल्या पाण्याचा रंग बघून अंदाज बांधू नका. चहासारखा रंग असतो टॅनिनचा, त्याचा मिठाशी संबंध नाही.

नुसत्या पाण्याने सगळं सोडियम निघत नाही, कारण ते भुशाच्या कणांना चिकटून असतं. पुढे खतातून कॅल्शियम मिळालं की कण ते ओढून घेतात आणि सोडियम सोडून देतात. रोपाला दोन्हीकडून तोटा. मोठ्या प्रमाणावर करणाऱ्यांनी एक किलो कोरड्या कोकोपीटला साधारण २० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून भुसा रात्रभर त्यात ठेवावा, सकाळी पिळून एकदा साध्या पाण्याने धुवावा. दोन ट्रेच लावणाऱ्याने चांगली धुतलेली वीट घेतली तरी भागतं.

मिश्रणाचं तुमचं प्रमाण आता तोंडपाठ आहे: भिजलेलं कोकोपीट तीन मग, परलाइट (खडक तापवून फुगवलेले हलके पांढरे दाणे) एक मग, चाळलेलं गांडूळखत एक मग. एका ६५० ग्रॅमच्या विटेला तीन लिटर परलाइट आणि तीन लिटर गांडूळखत घातलं की ९८ कप्प्यांचे चारेक ट्रे भरतात. परलाइट आधी पाण्याने शिंपडून ओलं करायचं, नाहीतर त्याची धूळ थेट छातीत जाते. गांडूळखत तीन-चार मिलिमीटरच्या चाळणीतून. जुलैत, हवाच दमट असते तेव्हा, परलाइट दीड मग. एप्रिल-मेमध्ये अर्धा मग पुरे.

परलाइट महाग वाटलं तर भाताचा जाळलेला तूस चालतो, पण काळाच हवा, जळून राख झालेला नको. करडी राख मिश्रण अल्कधर्मी करते, म्हणून काळा तूसही एकदा धुऊनच घ्यायचा. बांधकामाची क्रश सँड वापरू नये, तिची भुकटी पोकळ्या बुजवते आणि आपण परलाइट घालून जे साधलं तेच बिघडतं. कच्चं शेणखत तर दारातही नको: ते तापतं, अमोनिया सोडतं आणि हुमणीची अंडी-अळ्या फुकट आणतं. आणि गांडूळखत चांगलं म्हणून एकाचे दोन मग करणाऱ्यांनो, ट्रेवर बारीक काळ्या माश्या घोंगावायला लागल्या की हे आठवा.

मुठीची चाचणी तर प्रत्येकाने तुमच्याकडून प्रत्यक्ष बघायला हवी. मूठभर मिश्रण घट्ट दाबायचं. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब यावेत, धार नको. मूठ उघडली की गोळा तसाच राहावा आणि अंगठ्याने टोचल्यावर फुटावा. गोळाच होत नसेल तर पाणी कमी, फुटत नसेल तर जास्त. कप्पे भरताना मात्र दाबायचं नाही. ट्रे ओट्यावर दोनदा आपटला की पुरे. बोटाने ठासलेल्या कप्प्यातली हवा तिथेच संपते.

टोमॅटो, वांगं, मिरची अर्धा सेंटीमीटर खोल. काकडी, दोडका, कारलं दीड ते दोन. वरवर टाकलेल्या बियांची टोपी पानांवर अडकून बसते, कारण ती उतरायला वरच्या थराचा ओला दाब लागतो. अडकलीच तर पाण्याचा थेंब सोडून थोडा वेळ थांबा, ओढू नका.

सगळ्यात जास्त रोपं वाचवली ती तुमच्या एका वाक्याने: "रंग बघू नका, उचलून बघा." कोकोपीट वरून फिकट तपकिरी, कोरडंठाक दिसतं आणि आत चिंब असतं. रंगावर पाणी घालणारा रोज घालतो. भरून, निथळून ट्रे एकदा उचलून बघायचा किंवा कप असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचा. निथळल्यावर २०० ग्रॅम भरलेला कप दीडशेच्या आसपास आला की पाणी, त्याआधी नाही. शक्यतो खालून: ट्रे परातीतल्या पाण्यात दहा मिनिटं, मग बाहेर.

इतकं करूनही रोपं कोलमडतात, ती बहुतेक वेळा पिथियम किंवा रायझोक्टोनिया या बुरशीसारख्या रोगजंतूंनी. यालाच मर म्हणतात. संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी आडवं, पानं अजून हिरवीगार, फक्त मिश्रणालगतचा देठ चिमटीत धरून दाबल्यासारखा पाणचट आणि दोऱ्याएवढा बारीक. एका कप्प्यातून गोल पसरत जातं. पडलेलं रोप उठत नाही. कप्प्यातलं मिश्रणही काढून टाका, पाणी थांबवा, लहान पंखा लावा. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी. तो आधी आठवडाभर ओल्या गांडूळखतात मुरवलेला असेल तरच कामाचा, मर दिसल्यावर ओतून उपयोग नाही. आणि त्याच्या जोडीला कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक ओतू नका, ते ट्रायकोडर्मालाही मारक ठरू शकतं. वरची पांढरी, कापसासारखी बुरशी मात्र बहुधा निरुपद्रवी असते. काडीने हलवायची, वारा द्यायचा.

पहिल्या जोडपानांनंतरची दोन खरी पानं आली की बियाची शिदोरी संपते. तिथून आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, पुढे एक ग्रॅम. रोप लांब, किडकिडीत होत असेल तर खत वाढवू नका, ती उजेडाची तक्रार आहे.

न्यू जर्सीत किंवा टोरोंटोत मार्चमध्ये खिडकीशी वांगी रुजवणाऱ्या आपल्या मंडळींना तिथे कोकोपीटऐवजी पीट मॉस, म्हणजे दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, मिळतं. ते मूळचं आम्ल असतं, म्हणून चुना मिसळलेलंच घ्यावं. एकदा पूर्ण वाळलं की पाणी वरून ओघळून जातं, त्यामुळे बी टाकायच्या आदल्या दिवशी कोमट पाण्याने भिजवून ठेवावं. बाकी मूठ आणि स्पंज तिथेही तसेच.

तुम्ही उसने दिलेले सहा ट्रे शनिवारी परत आणतोय. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं बुडवून, साध्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवलेत. एकाचा कोपरा तडकलाय, त्याच्या बदल्यात नवा आणतो.

आपले,
गच्चीवरचे सगळे