मुलाशी बोलू नये, अशी आज्ञा असेल तर

तीर्थस्वरूप दादास,
सादर नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. फोनवर जे बोलणे तू टाळत होतास ते सविस्तर लिहून कळवलेस, याचे मला बरे वाटले. कारण हा विषय तोंडी निघाला की आवाज चढतात आणि मुद्दा बाजूलाच राहतो. चिरंजीवांनी पंथ सोडत असल्याचे महाराजांच्या समोर जाऊन सांगितले, आणि तो शरण येईपर्यंत घरातल्या कोणी त्याच्याशी बोलू नये, त्याला घरात घेऊ नये, अशी महाराजांची आज्ञा झाली, असे तू लिहितोस. तू ती पाळतो आहेस. वहिनी पाळते आहे की नाही हे मी विचारणार नाही, आणि तूही विचारू नयेस अशी माझी विनंती आहे.

श्रद्धा सोड असे सांगण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. बाबा गेल्यानंतर ज्या काळात तू रात्र-रात्र जागा असायचास, त्या काळात तुला याच पंथाने सावरले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याचे ऋण मीही मानते. माझा प्रश्न एवढाच आहे की ज्या देवाच्या नावाने ही आज्ञा आली, त्याच्या नावाने बापाकडून काय काय मागता येते, आणि बापाने त्यातले काय देऊ नये.

तू चिलया बाळाचे उदाहरण दिले आहेस. श्रियाळ आणि चांगुणेने अतिथीसाठी पोटचा मुलगा दिला, मग तुला काही दिवस अबोला धरणे का जड जावे, असा तुझा प्रश्न आहे. ती कथा मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि आजही चांगुणा उखळाशी उभी राहून गाते त्या ठिकाणी माझा घसा दाटतो. पण शेवट आठवून पाहा. सगळे झाल्यावर, पान वाढल्यावर, तोच अतिथी म्हणतो की निपुत्रिकाच्या घरी मी जेवणार नाही, मुलाला हाक मार. चांगुणा हाक मारते आणि चिलया धावत येतो. ज्याने मागितले त्यालाच ते घर मुलाशिवाय चालले नाही. आणखी एक गोष्ट तू विसरतोस. श्रियाळाच्या दाराशी साक्षात शंकर उभा होता आणि दिलेले परत करण्याचे सामर्थ्य त्याच्याकडे होते. तुला आज्ञा देणारे गृहस्थ कितीही थोर असले तरी माणूस आहेत. तुटलेली वर्षे परत आणून देणे त्यांच्या हाती नाही, आणि उद्या मुलगा कायमचा दुरावला तर त्यांच्या हाकेने तो धावत येणार नाही.

मला वाटते, तुझ्या प्रसंगाला चिलयापेक्षा रोहिताची कथा अधिक लागू पडते. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली ती कथा आपल्याकडे कीर्तनातून फारशी येत नाही, म्हणून जरा सावकाश सांगते. हरिश्चंद्राला मूल नव्हते. मुलगा झाला तर तुलाच अर्पण करीन, असे त्याने वरुणाला सांगितले, आणि रोहित जन्मला. वरुण मागायला आला तेव्हा राजा म्हणाला, दहा दिवस तरी उलटू देत. दहा दिवसांनी म्हणाला, दात येऊ देत. दात आले, तेव्हा म्हणाला, हे दात पडू देत. पडले, तेव्हा म्हणाला, नवे येऊ देत. तेही आले, तेव्हा म्हणाला, हा क्षत्रियाचा मुलगा आहे, शस्त्र धारण करण्याजोगा होऊ दे. आणि वरुण प्रत्येक वेळी ‘बरे’ म्हणून परत गेला. दादा, जो राजा पुढे सत्यवचनी म्हणून तिन्ही लोकी गाजला, तो इथे देवासमोर मुलाचे दात मोजत मुदत मागतो आहे. कथा सांगणाऱ्याने त्याला त्यासाठी ढोंगी म्हटलेले नाही. पुढे त्याला जलोदर झाला, रोहित धनुष्य घेऊन रानात गेला, हे सगळे खरे. आज्ञा टाळण्याची किंमत नसते असे कथा म्हणत नाही. पण शेवटी मुलगा जिवंत राहिला, बापही बरा झाला, आणि कोणाचाच बळी गेला नाही.

त्याच कथेत दुसरा बाप आहे, अजीगर्त. भुकेने गांजलेला. थोरला मुलगा बापाला हवा, धाकटा आईला हवा, म्हणून मधला शुनःशेप त्याने रोहिताच्या बदली बळी देण्यासाठी शंभर गायींना विकला. आणखी शंभर घेऊन त्याला यूपाला, म्हणजे यज्ञातल्या खांबाला, बांधले आणि आणखी शंभर घेऊन स्वतःच्या हाताने सुरी उचलली. शुनःशेपाने देवांची स्तुती केली, बंध गळून पडले, आणि मग तोच बाप मुलाला परत मागू लागला. मुलगा म्हणाला, तुझ्या हातात सुरी पाहिली आहे, तीनशे गायी तू माझ्यापेक्षा मोठ्या मानल्यास. तो विश्वामित्राचा मुलगा होऊन राहिला. माझी भीती नेमकी ही आहे. तू अजीगर्तासारखा लोभी नाहीस, तुझ्या मनात स्वार्थाचा लवलेश नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्याच्यावर सुरी उगारली जाते त्याला तिच्यामागचा हेतू दिसत नाही, हात तेवढा दिसतो.

तू लिहितोस की प्रल्हादाने बाप सोडला, बिभीषणाने भाऊ सोडला, भरताने आईचा धिक्कार केला. मग देवासाठी तू मुलगा का सोडू नयेस? ही उदाहरणे मोठी आहेत आणि मी ती मानते. परंतु त्यांतला प्रत्येक जण कोणापासून दूर झाला ते पाहा. सत्ता गाजवणाऱ्या बापापासून, राज्य करणाऱ्या थोरल्या भावापासून, अन्यायाने राज्य मिळवून देणाऱ्या आईपासून. ज्याच्या हाती बळ होते आणि जो ते चुकीचे वापरत होता, त्याच्यापासून ते दूर झाले. पोटच्या मुलाला दाराबाहेर ठेवणारा बाप त्यांत एकही नाही. प्रल्हादाच्या कथेत मुलाने आपण म्हणू त्यालाच भजावे असा हट्ट धरणारा जो बाप आहे, त्याचे नाव हिरण्यकशिपू. आणि नरसिंहाने वर माग म्हटल्यावर प्रल्हादाने स्वतःसाठी काही न मागता, ज्याने त्याला कड्यावरून ढकलले होते त्या बापाची शुद्धी मागितली. देव भेटल्यावरही त्याने नाते टाकले नाही.

पुत्रमोहाचा आरोप तू स्वतःवरच ठेवला आहेस. धृतराष्ट्र व्हायचे नाही, असे तुझे शब्द आहेत. हा मुद्दा मी हलका मानत नाही, कारण आईबापांचे प्रेमही आंधळे होते आणि त्याची झळ दुसऱ्यांच्या लेकरांना बसते. पण धृतराष्ट्राचा दोष मुलावर प्रेम करण्यात नव्हता. मुलगा दुसऱ्यांचे हक्क हिरावत असता गप्प बसण्यात होता. तुझ्या मुलाने कोणाचे काय हिरावले? त्याने खोटे बोलून आत राहण्यापेक्षा खरे बोलून बाहेर पडणे पसंत केले, आणि हे खरे बोलणे तूच त्याला शिकवलेस. तुला नमुना हवाच असेल तर गांधारीचा घे. दुर्योधन आशीर्वाद मागायला आला तेव्हा तिने ‘तुझा जय होवो’ म्हटले नाही. जिथे धर्म तिथे जय, एवढेच म्हणाली. तरीही त्याचे कलेवर रणात पाहून तिने जो आक्रोश केला, त्याला व्यासांनी स्त्रीपर्वात जागा दिली. मुलाचे चुकते असे तुला वाटते, तर तसे त्याला सांग. मान्य नाही म्हणून सांगणे आणि तोंड न पाहणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

इथे अमेरिकेत माझ्या कामात हा पेच वेगळ्या रूपाने समोर येतो. मुलांच्या रुग्णालयात कधी असे आईबाप येतात, ज्यांच्या पंथाला रक्त घेणे निषिद्ध आहे. मागे एका आईने नकाराच्या कागदावर सही केली, सुवाच्य अक्षरात पूर्ण नाव लिहिले, पेनाला टोपण लावले आणि मग खालच्या आवाजात नर्सला विचारले की न्यायाधीशांचा हुकूम साधारण किती वाजेपर्यंत येतो. हुकूम आला आणि मुलाला रक्त दिले गेले. त्या बाईंची श्रद्धा खोटी होती असे मी म्हणणार नाही. आपल्याला जे करता येत नाही ते दुसऱ्या कोणी करावे म्हणून त्या वाट पाहत होत्या. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1944 साली एका खटल्यात असे म्हटले होते की आईबापांना स्वतः हुतात्मा होण्याची मोकळीक असेल, परंतु जाणते होऊन स्वतःचा निर्णय घेण्याआधीच मुलांना हुतात्मा करण्याची मोकळीक त्यांना नाही. मला त्यात आपल्या विषयाचे मर्म सापडते. श्रद्धेपायी तू स्वतःचे काय द्यायचे ते दे. झोप दे, पैसा दे, मान दे. मुलाच्या वाट्याचा बाप मात्र तुला देऊन टाकता येणार नाही, कारण तो तुझा एकट्याचा नाही. तुझा मुलगा तर जाणता आहे आणि त्याने स्वतःचा निर्णय घेतलाही आहे.

ज्यूंच्या धर्मशास्त्रातला एक दाखला मला इथे राहून कळला आणि तो मनातून जात नाही. आईबापांचे न ऐकणाऱ्या उद्दाम मुलाला दगडांनी मारावे, अशी आज्ञा त्यांच्या मूळ ग्रंथात स्पष्ट लिहिलेली आहे. पुढच्या काळातल्या पंडितांनी ती पुसली नाही. त्यांनी तिला अटी घातल्या. त्यांतली एक अशी की आई आणि बाप यांचा आवाज, रूप आणि उंची सारखी असल्याशिवाय शिक्षा लागू होऊ नये. तालमुद या त्यांच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात नोंदवलेले एक मत तर असे आहे की असा मुलगा कधी झाला नाही आणि कधी होणारही नाही. आज्ञा लिहिली आहे ती अभ्यासासाठी. ग्रंथाला देववाणी मानणारी ही माणसे होती. आज्ञा देवाची असेल तर तिचा अर्थ मुलाच्या जिवावर उठणारा असूच शकत नाही, इतका त्यांचा देवावर विश्वास होता. त्यांना कोणी कमी श्रद्धावान म्हणेल असे मला वाटत नाही.

आणि आपल्याकडे उलटही घडले आहे. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंना देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले आणि मुलांचे कल्याण होईल या आशेने त्यांनी ते घेतले, असे परंपरा सांगते. चार लेकरे पोरकी झाली. त्यानंतरही त्यांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली. आईबापांनी आज्ञा अक्षरशः पाळली आणि ज्यांच्यासाठी पाळली त्यांच्या पदरात त्या दिवशी काहीच पडले नाही. पुढे ज्ञानेश्वरांनी जे पसायदान मागितले ते त्यांचे मोठेपण. त्याचे श्रेय ती शिक्षा सांगणाऱ्यांना देता येत नाही.

म्हणून माझे मागणे असे आहे. आज्ञा उघड मोडणे तुझ्याने होत नसेल, तर मुदत माग. महाराजांकडे जा आणि सांग की माझ्याने हे होत नाही, आणखी काही काळ मला मुलाशी बोलू द्या. तो काळ संपला की पुन्हा जा आणि पुन्हा माग. ते खरोखर थोर असतील तर वरुणासारखे ‘बरे’ म्हणतील. नाही म्हणाले, तर त्या उत्तरावरून तुला त्यांच्याविषयी जे समजेल ते तू स्वतःच तोलून पाहा. मी त्यात बोलणार नाही. मुलाशी बोलताना पंथाचा विषय काढू नकोस. तो माझ्याशी बोलतो तेव्हा तुझ्या रक्तदाबाची गोळी बदलली का, आणि डोळ्याचे ऑपरेशन कधी ठरले, हे आधी विचारतो. महाराज काय म्हणाले हे त्याने अजून एकदाही विचारलेले नाही. या दोन प्रश्नांची उत्तरे तू स्वतः त्याला दिलीस तरी पुरे आहे.

त्याचा नंबर बदलला आहे. नवा नंबर सोबतच्या कागदावर लिहिला आहे. कामाच्या पाळीमुळे तो रात्री नऊनंतरच मोकळा असतो. वहिनीला नमस्कार सांग.

कळावे, लोभ असावा,
तुझी धाकटी बहीण