पिवळं पाकीट अजून आलं नाही

हॅम्बुर्ग, जर्मनी
नाताळआधीच्या आगमनकाळाचा दुसरा रविवार

प्रिय आई, बाबा आणि आजी,
प्रेमळ सलाम.

मी बरी आहे. आई, खरंच बरी आहे, मागच्या कॉलवर आवाज बसला होता तो सर्दीने, रडून नाही. जाड जॅकेट घेतलंय, डाळ-तांदूळ मिळतो, रूममध्ये हीटर चालू असतो. ड्युटीचं नवीन काही नाही. फोनवर तुम्ही तिघं एकदम बोलता आणि मला सांगायचं ते राहूनच जातं म्हणून बसून टाइप करतेय, धाकट्याला प्रिंट काढायला सांगा, आजीसाठी अक्षर मोठं ठेव म्हणावं.

आधी तेच सांगते जे तुम्ही विचारणार. नाही आलं. इथे महत्त्वाचं सरकारी पत्र बऱ्याचदा पिवळ्या पाकिटात पोस्टाने येतं, ते अजून आलं नाही. इथली नर्सची परीक्षा सप्टेंबरमध्येच पास झाले हे तुम्हाला माहितीये, पण भारतातून आलेला एक कागद इथल्या सरकारी ऑफिसने परत मागितला आणि फाईल थांबली, आणि तो पक्का नर्सचा दाखला हातात येईपर्यंत पगार मदतनीसाचाच. माझी काही चूक नाही ह्यात बाबा, मी प्रत्येक मेलला त्याच दिवशी उत्तर दिलंय.

आणि बाबा, तुम्ही म्हणालात की एजंटला अजून थोडे देऊन काम पुढे सरकत असेल तर बघू. नको. रागाने नाही म्हणत, तुमचा जीव तुटतो ते कळतं मला. पण तुम्हीच ना लहानपणी अब्राहामाची गोष्ट सांगायचात, ७५ वर्षांचा असताना निघाला, मुलाचं वचन मिळालेलं, आणि मूल होईना म्हणून त्याच्या बायकोने, सारेने, आपल्या दासीला, हागारेला पुढे केलं, इश्माएल झाला तेव्हा हा ८६ चा. आणि इसहाक झाला १०० व्या वर्षी. म्हणजे त्यांनी घाई केली म्हणून देवाची वेळ एक दिवससुद्धा अलीकडे आली नाही, फक्त घरात भांडण आलं आणि त्या बिचाऱ्या हागारेचे हाल झाले. मला तसलं काही नको आपल्या घरात.

पण खरं सांगू का, सुरुवातीला मी नुसती कुढत होते. रात्रपाळी संपवून आले की आधी पत्रपेटी, मग चप्पल काढायची. पेटी रिकामी दिसली की प्रार्थनेलासुद्धा बसवायचं नाही. मग एका रात्री वॉर्डमध्ये तीन-साडेतीनला स्तोत्र १३० वाचत होते, तेच, पहारेकरी पहाटेची वाट बघतो त्याहून जास्त माझा जीव प्रभूची वाट बघतो म्हणणारं. आपण ते इतकं पाठ केलंय की पहारेकरी म्हणजे कोण ह्याचा मी कधी विचारच केला नव्हता. अगं आई, पहारेकरी म्हणजे मीच की! तो काही उशी घेऊन बसत नाही, फेऱ्या मारतो. मी पण बेल वाजली की उठते, एका आजोबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवते, बीपी घेते, पाणी पाजते, आणि हे सगळं करत असताना सकाळ व्हायचीच आहे ह्याबद्दल मनात शंका नसते. सूर्य उगवणं माझ्या हातात नाही. इथे तर आता ड्युटी संपते तेव्हाही बाहेर काळोखच असतो, आठ वाजून गेले तरी सूर्य उगवत नाही, म्हणून कुणी आज सकाळच होणार नाही असं म्हणत नाही. त्या रात्रीपासून मी वाट बघणं ह्याकडे वेगळं बघायला लागले. अजून रोज जमत नाही. पण पत्रपेटी आता फक्त शनिवारी उघडते.

आता एक इथली गंमत सांगते, मला अजून पचलेली नाही. इथे वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा द्यायच्या नसतात. म्हणजे अजिबात नाही. माझ्यासोबतच्या एका सिस्टरचा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता, माझी सुट्टी होती म्हणून मी आदल्या दिवशीच चॉकलेट देऊन विश केलं तर तिने दोन्ही हात वर केले, नको नको, आज नको! अपशकुन मानतात. नंतर चार दिवसांनी दिलेलं चालतं, आठवड्याने चालतं, पण एक तास आधी चालत नाही. काही लोक आदल्या रात्री पार्टी करतात, खातात पितात, पण बाराचा ठोका पडेपर्यंत कुणी तोंडातून काढत नाही, आणि बारा वाजले की मग मिठ्या. आणि केक ज्याचा वाढदिवस त्यानेच कामावर आणायचा! आपण शकुन-अपशकुन मानत नाही, ते सोडा. पण आई, मला तेव्हा तूच आठवलीस. तू महिला मंडळात सांगून टाकलंस ना की मुलगी पर्मनंट झाली? मला कळलं. उपकारस्तुती आधी कर, हवी तितकी कर, देवाला धन्यवाद द्यायला पाकीट यायची गरज नाही. पण तारीख आपण जाहीर करायची नाही गं, ती त्याची आहे. लोक मला मेसेज करून अभिनंदन करतात आणि मला काय उत्तर द्यावं कळत नाही.

आजी, तुझ्यासाठी एक. वॉर्डात हिरव्या चक्रावर चार मेणबत्त्या ठेवल्यात (बॅटरीच्या), दर रविवारी एक लावायची, आज दोन लागल्या. ही पद्धत ह्याच शहरात सुरू झाली, १८३९ साली विखर्न नावाच्या माणसाने गरीब मुलांच्या आश्रमात. मुलं सारखी विचारायची नाताळ कधी, म्हणून त्याने गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या आणि रोज एक पेटवायला लागला. मला एकदम तुझं केडगाव, तिथला रमाबाईंचा आश्रम, तुझं मुक्ती मिशन आठवलं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून एवढं बायबल मराठीत आणलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या, पूर्ण छापलेलं १९२४ ला आलं, त्यांनी हातात धरलंच नाही, हे तू सांगायचीस तेव्हा मला वाईट वाटायचं. आता वाटतं त्यांना चालत असेल.

पैशाचं. ह्या महिन्यात ४०० ऐवजी ३०० युरोच पाठवतेय, घरभाडं वाढलं. धाकट्याची फी त्यातून आधी भरा, बँकेचा हप्ता मी इथून बघते. बाबा, पीएफला परत हात लावायचा नाही. आई, तुझ्या बांगड्या सोडवायच्या राहिल्यात हे मी एक दिवसही विसरलेले नाही.

आणि नगरच्या स्थळाचं. मुलगा चांगला आहे, तीनदा बोललो, पहिल्या दोन्ही वेळा फोन ठेवायच्या आधी त्याने प्रार्थना केली, तिसऱ्यांदा मी. त्यांना नाताळपर्यंत उत्तर हवंय. मी देवाची वाट बघते म्हणून सांगा असं लिहिणार होते, पण मग स्वतःलाच विचारलं की मी देवाचं नाव पुढे करून टाळतेय का? थोडं टाळतेय. भीती वाटते. म्हणून असं सांगा की दाखला हातात येईपर्यंत मी तारीख देऊ शकत नाही, त्यांना थांबता येत असेल तर मी आनंदाने बोलत राहीन, आणि नसेल तर मनात काही ठेवू नका म्हणावं. बाबा, तुमची मान खाली जाईल असं मी काही करणार नाही.

ह्या वर्षी पण येता येत नाही. करंज्या पाठवू नका, पोचेपर्यंत चुरा होतो, धाकट्याला माझ्या वाटच्या द्या. नाताळच्या रात्री बाराला पंचहौदाच्या चर्चच्या घंटा वाजल्या की व्हिडिओ कॉल नको, साधा फोन लावा. इथे संध्याकाळचे साडेसात झालेले असतील, मी ड्युटीला निघायच्या आधी. बोलू नका, नुसता खिडकीत धरा.

तुमचीच,
ताई