दादा, गोळी बंद करण्याआधी हे वाच

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

फोनवर घरातले सगळे आजूबाजूला असतात, म्हणून हे लिहूनच पाठवतोय. वाचून झालं की वहिनीलाही दे. विषय दोघांचा आहे: तुझ्या वाढलेल्या प्रोस्टेटवरच्या गोळ्या आणि ऑपरेशन यांचा शरीरसंबंधांवर होणारा परिणाम.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. ती वाढणं म्हणजे कॅन्सर नव्हे. डॉक्टरांकडे गेलास की नुसतं ‘त्रास होतो’ म्हणू नकोस. इच्छाच होत नाही, ताठरता टिकत नाही की वीर्य कमी येतं, हे सुटं सुटं सांग. प्रत्येक गोळी यातल्या वेगळ्या गोष्टीला धक्का लावते.

टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतं. लघवी काही दिवसांत मोकळी होते, पण वीर्य कमी येतं, कधी येतच नाही. त्याच जातीच्या सिलोडोसिनने हे जास्त होतं. ताठरता सहसा शाबूत राहते आणि गोळी थांबली की वीर्यही पूर्ववत होतं. म्हणून वहिनीने ‘ह्यांना मी नकोशी झाले’ असं मुळीच मनात आणू नये.

फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ग्रंथीच लहान करतात. पुरता गुण यायला सहा महिने तरी लागतात. काहींची इच्छा आणि ताठरता दोन्ही घटतात. बहुतेकांचं गोळी थांबल्यावर सुधारतं, मोजक्यांचं रेंगाळतं. शिवाय रक्तातलं पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका तपासायला मोजतात ते प्रथिन) साधारण निम्मं दिसतं, तेव्हा तपासणीच्या वेळी गोळीचं नाव सांगायलाच हवं.

आपल्या मनाने मात्र कुठलीच गोळी सोडू नकोस, लघवी तुंबू शकते. ताठरतेची तक्रार असेल तर रोजच्या ५ मिलिग्रॅम टाडालाफिलबद्दल डॉक्टरांना विचारून बघ. त्याने लघवीलाही आराम पडतो. छातीत दुखण्यावर नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ते अजिबात घ्यायचं नाही, रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळतो. टॅमसुलोसिन चालू असतानाही ते डॉक्टरांना विचारूनच, कारण उठताना चक्कर येऊ शकते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनचं, म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून वाढलेली ग्रंथी खरवडण्याचं, तू विचारलं होतंस. त्यात मूत्राशयाचं तोंड रुंद होतं, त्यामुळे वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं. लघवी गढूळ दिसते, अपाय काही नाही. बहुतेकांना हे होतं आणि ते कायमचं असतं. सुखाची जाणीव मात्र राहते. ताठरतेच्या नसा ग्रंथीच्या बाहेरून जातात, म्हणून त्या सहसा वाचतात. लेसरने ग्रंथी काढली तरी वीर्याचं असंच होतं. युरोलिफ्ट (ग्रंथी बारीक क्लिपांनी बाजूला ओढून धरणं) किंवा वाफेने ग्रंथी आक्रसवण्याच्या उपचारात वीर्य बहुधा टिकतं, पण ते प्रत्येक ग्रंथीला चालत नाहीत आणि पुढे पुन्हा उपचार लागण्याची शक्यता जास्त.

ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवडे संबंध टाळायचे. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास खपली सुटून लघवीत थोडं रक्त दिसू शकतं. तेव्हा पाणी पुरेसं पी, जड उचलू नकोस, कुंथू नकोस. गुठळ्यांनी लघवी अडली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

तारीख घेण्याआधी ग्रंथी किती मिलिलिटरची आहे ते सोनोग्राफीत बघून मला कळव. कुठले उपचार चालतील हे बरंचसं त्यावर ठरतं.

वहिनीला नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ