पाच किलोवॉटची शिस्त

महोदय,

सौरऊर्जेविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की किती किलोवॉटचे पॅनेल बसले याचाच हिशेब मांडला जातो. ती वीज कोणाच्या मालकीची आणि वापरायची कशी, हे प्रश्न मागे पडतात. आमच्याच सोसायटीच्या गच्चीवर पॅनेल आले, तरी जिन्यातले दिवे भर दुपारी चालू असतात. म्हणूनच स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील एग बेटाविषयी लिहावेसे वाटते.

जेमतेम शंभर वस्तीचे हे बेट १९९७ मध्ये रहिवाशांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या विश्वस्त संस्थेने विकत घेतले. मुख्य भूमीची वीज तेथे पोहोचलेली नव्हती. घरोघरी डिझेल जनरेटर धडधडत. फेब्रुवारी २००८ मध्ये बेटाची स्वतःची वीजयंत्रणा सुरू झाली. ओढ्यांवरील जलविद्युत संच, प्रत्येकी सहा किलोवॉटच्या चार पवनचक्क्या, सौर पॅनेल आणि बॅटऱ्या यांवर ती चालते; डिझेल आता केवळ अडीअडचणीला. संस्था गावाची आणि देखभाल करणारेही गावचेच.

पण मला विशेष वाटते ते तेथील मर्यादेचे. प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॉट, व्यवसायाला दहा, त्याहून अधिक नाही. विजेची किटली तीनेक किलोवॉट ओढते; तेवढ्यात धुलाई यंत्राने पाणी तापवायला घेतले की मर्यादा गाठलीच. ती ओलांडली तर त्या घराची वीज जाते, म्हणून आधी चहा आणि मग कपडे, असा क्रम घरातल्या पोरांनाही ठाऊक असतो. उभी हयात वीज वितरणात घालवल्यामुळे सांगतो, सर्वांचा भार एकाच वेळी चढला नाही तर यंत्रणा लहान ठेवता येते, आणि लहान यंत्रणाच लहान गावाला परवडते.

घारापुरीला २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकून वीज मिळाली, ते योग्यच झाले. मात्र किनाऱ्यावरील वाड्यांसाठी जेव्हा स्वतंत्र सौर प्रकल्प आखले जातात, तेव्हा पॅनेलच्या निविदा काढण्यापूर्वी ग्रामसभेने प्रति घर भार ठरवावा आणि प्रकल्पाची मालकीही ग्रामस्थांच्या संस्थेकडे असावी. एगवर जादा विजेने गावाचे सभागृह उबदार ठेवतात. कोकणात तीच वीज टाकीत पाणी चढवायला किंवा मासळीसाठी बर्फ करायला वळवता येईल.

— एक निवृत्त वीज अभियंता, अलिबाग