बी इमारतीच्या पार्किंगमधील कॉलमचे हनीकोंब (काँक्रीटमधली पोकळी) गिलाव्याने झाकल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे.

महोदय,

तुमच्या 22 मजली बी इमारतीत अकराव्या मजल्यावरची सदनिका मी घेतली आहे. आतापर्यंतचा प्रत्येक हप्ता मुदतीत भरला आहे.

4 मे रोजी, रविवारी, साइट पाहायला आलो होतो. पार्किंगच्या मजल्यावर लिफ्टच्या डाव्या हाताच्या कॉलमच्या पायथ्याशी काँक्रीट नव्हतंच, नुसती खडी दिसत होती. दोन वीत उंच आणि हातभर रुंद एवढा भाग मधमाशीच्या पोळ्यासारखा पोकळ होता. दोन सळया उघड्या होत्या, त्यातली एक तांबूस झाली होती. खिशातलं पेन आत घातलं आणि टेपने मोजलं, तर 8 सेंटीमीटर आत गेलं. कॉलमच्या सळईवर निदान 40 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण, असावं असं आयएस 456 हे काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक सांगतं. म्हणजे पोकळी सळईच्याही मागे गेली आहे. टेप लावून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.

सुपरवायझरना तिथेच दाखवलं. "साहेब, वरवरचं आहे, करून घेतो," म्हणाले. बुधवारी परत आलो तर कॉलम गुळगुळीत झाला होता. सिमेंटचा गिलावा फासून तुम्ही विषय मिटवला होता. आतली सैल खडी फोडून काढली का, इंजिनिअरने पाहिलं का, नॉन-श्रिंक ग्राउट (सुकल्यावर न आकसणारा मसाला) भरलं का, हे साइटवर कुणालाच सांगता आलं नाही.

माझे वडील आयुष्यभर सेंटरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यांचे, मिस्त्री होते. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली फळ्या उचलल्या आहेत. कॉलमची पेटी उभी केली की खालची फट ते ओल्या गोणपाटाने आणि मालाने बुजवायचे. त्या फटीतून सिमेंटचं पाणी निसटलं की मागे खडीच उरते. माल उंचावरून सोडला, तर खडी आणि मसाला वेगळे होतात, म्हणून 1.5 मीटरपेक्षा वरून तो टाकू नये असा दंडक आहे. आणि पायथ्याशी सळयांचे जोड येतात, तिथे इतकी दाटी असते की काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई मुद्दाम खाली पोचवावी लागते. तुमच्या कॉलममध्ये यातलं नेमकं काय चुकलं, ते तुम्ही शोधायचं आहे. पण काहीतरी चुकलं आहे, यात शंका नाही.

भिंतीत असं झालं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. कॉलम-बीमच्या सांगाड्यावर उभ्या इमारतीत ब्लॉकची भिंत पाडून पुन्हा बांधता येते. कॉलमचं तसं नाही. वरच्या सगळ्या मजल्यांचा भार त्याच्यावर येतो आणि भूकंपात इमारतीला तोच धरून ठेवतो. त्यातही हा सगळ्यात खालचा.

त्याच दिवशी आणखी एक दिसलं. आदल्या आठवड्यात ओतलेला स्लॅब भर उन्हात कोरडा ठणठणीत होता. पाण्याची आळी नाहीत, गोणपाट नाही. कोरड्या, उष्ण हवेत निदान 10 दिवस पाणी मारायला हवं. पुण्याच्या मे महिन्याबद्दल मी वेगळं काय सांगू?

माझी मागणी अशी. त्या कॉलमचा गिलावा आमच्यासमोर काढा. आरसीसी सल्लागाराला (काँक्रीटच्या सांगाड्याच्या इंजिनिअरला) बोलवून अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी आणि रिबाउंड हॅमर या काँक्रीट न फोडता करायच्या चाचण्या करा आणि त्यांचा सहीचा अहवाल व दुरुस्तीची पद्धत लेखी द्या. कॉलम ओतला त्या दिवशीच्या मालाच्या क्यूबचा (मजबुती तपासायच्या नमुना ठोकळ्यांचा) 28 दिवसांचा निकाल दाखवा. त्या मजल्यावरचे बाकीचे कॉलम तपासल्याशिवाय कुठेही गिलावा करू नका.

रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत दाखवलेला बांधकामातला दोष तुम्ही 30 दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा आहे. पण दोष गिलाव्याखाली गाडला, तर आम्ही तो दाखवणार कसा? म्हणूनच आज, सांगाडा उघडा असताना लिहितो आहे.

15 दिवसांत लेखी उत्तर आणि चाचणीची तारीख मिळाली नाही, तर हेच पत्र फोटोंसह महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, तक्रार म्हणून दाखल करीन. पुढचा हप्ताही मी वेळेवर भरणार आहे, मात्र तो भरला म्हणजे या कामाला माझी संमती आहे, असं धरू नये.

चाचणीच्या दिवशी मी स्वतः हजर राहीन. सकाळी आठपासून केव्हाही बोलवा.

आपला,
सदनिकाधारक, बी-1104

सोबत: 6 फोटो