सोलोचा वेग नको, सूर तपासा

संपादक महोदय,

कॉलेजांच्या रॉक स्पर्धांच्या बातम्यांत लीड गिटारिस्टची बोटं किती पळाली याचंच कौतुक छापून येतं. परीक्षकांचे गुणही बहुधा तिथेच जातात. हेवी मेटलचा सोलो काळजात घुसतो तो मात्र बेंड (तार ओढून स्वर चढवणं) आणि व्हायब्रेटोमुळे (धरलेला स्वर हेलकावणं). सतारीवरची मींड कानात मुरलेल्या आपल्या श्रोत्यांना हे खरं तर लगेच कळायला हवं.

तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला (गिटारच्या मानेवरची, म्हणजे नेकवरची आडवी धातूची पट्टी) अनामिका, तिच्या मागे मधलं बोट आणि तर्जनी, अंगठा नेकच्या वरून आलेला. मग मनगट फिरवून तार वर ढकलायची. स्वर सा धरला तर शुद्ध रे लागला पाहिजे, म्हणजेच नवव्या फ्रेटचा स्वर. एकट्या बोटाने जोर लावला की बेंड कोमल आणि शुद्ध रेच्या मध्येच कुठेतरी लटकतो. डिस्टॉर्शन (आवाजाची मुद्दाम केलेली खरखर) कितीही चढवा, ते झाकलं जात नाही. म्हणून आधी नवव्या फ्रेटचा स्वर वाजवून कानात धरावा. व्हायब्रेटोतही तार दर हेलकाव्याला त्याच रे वर परतली पाहिजे, नाहीतर तो नुसता थरकाप.

दुसरी गोची चौथ्या तारेची. बेंड सोडताना ती बोटाखालून निसटते आणि टणकन वाजते. तर्जनीचं टोक तिला टेकलेलं ठेवावं, जाड तारा पिक (तार छेडायची पट्टी) धरलेल्या हाताच्या तळव्याने दाबाव्यात. गेन (ही खरखर किती चढवायची ती पातळी) तर सरसकट जास्तच असतो. त्यात हलका आणि जोरदार आघात सारखाच ऐकू येतो, मग भाव कुठून येणार? फ्लॉइड रोजसारखा तरंगता ब्रिज (तारा धरणारा, स्प्रिंगांवर तोललेला भाग) असेल तर एक तार ओढताच बाकीच्या उतरतात, हेही लक्षात असू द्यावं.

ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमीचं उदाहरण घ्या. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने टोपणं घडवली, वर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या. 1971 च्या तिसऱ्या अल्बममध्ये बऱ्याच गाण्यांना गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. ताण कमी झाला, तार ओढणं सोपं गेलं आणि मेटलला तो जड, काळोखा आवाजही मिळाला. मेगाडेथ या मेटल बँडमध्ये दहा वर्षं वाजवलेला गिटारिस्ट मार्टी फ्रीडमन जपानी एंका गायकीतल्या स्वरांच्या वळणांना मानतो, ते उगाच नाही.

आयोजकांना एकच सुचवणं: प्रत्येक स्पर्धकाला आठ बारचा (आवर्तनांचा) एक संथ सोलो सक्तीचा करावा, गेन निम्म्यावर ठेवून.

आपला,
एक गिटार शिक्षक, पुणे